तिकीट लावून गाणं ठेवता, मग गप्पा मारणाऱ्यांना गप्प करणं क्लबचं काम नाही का?

नदीकाठचा:
शनिवारी कोरेगाव पार्कच्या बाजूला एका क्लबात जॅझ ऐकायला गेलो होतो. पियानो, डबल बेस, ड्रम, एवढेच तिघं. मध्येच ड्रमरनं काठ्या ठेवून ब्रश घेतले. स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमवर, नुसती सळसळ, आणि वर एकट्या बेसचा सोलो. नेमकं तेव्हाच मागच्या टेबलावर कुणाच्या तरी फ्लॅटच्या ताब्याची चर्चा रंगली, तीही इतक्या मोठ्यानं की बेसचे खालचे स्वर आमच्यापर्यंत आलेच नाहीत. बेसवाला डोळे मिटून वाजवत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.
माझं म्हणणं असं: तिकीट लावलंय त्या रात्री सुरुवातीलाच माइकवरून सांगा, बोलायचं तर बाहेर अंगणात. तरी ऐकलं नाही तर टेबलापाशी जाऊन सांगा. सवाई गंधर्वला हजारो माणसं तासन्‌तास मांडी घालून ऐकतात, ती याच शहरातली आहेत ना?

बेसवाली:
मी अशाच जागांमध्ये वाजवते, म्हणून सांगते. तुमच्या तिकिटातून साउंड आणि लाइटचा खर्चही सुटत नाही. आमचं मानधन येतं ते खाण्यापिण्याच्या बिलातून. बाऊन्सर पाठवून टेबलं गप्प केलीत तर ती माणसं पुढच्या वेळी येणार नाहीत, आणि मग मालक आमच्याऐवजी डीजे बोलावेल. शिवाय रॉकच्या गिगला लोकांनी ओरडायलाच हवं. सगळीकडे एकच शिस्त लावू नका.

मुकुंदनगरकर:
सवाईचं उदाहरण दिलंत, पण ते अर्धंच आहे. महोत्सव 1953 पासूनचा. रमणबागेत होता तेव्हाही आणि आता आमच्या मुकुंदनगरातही लोक मधूनच उठून खाण्याच्या स्टॉलकडे जातात, तिथं मनसोक्त गप्पा होतात. स्टॉल मंडपाबाहेर असतात म्हणून ते खपतं. आणि आत तरी कुठं कुणी मख्ख बसतं? तान समेवर आली की ‘क्या बात है’ येणारच, ती गाणाऱ्यालाही हवी असते. ती दाद आणि फ्लॅटची चर्चा यांना एका मापानं मोजू नका.

कन्सोलमागे:
साउंड करतो. गप्पा वाढल्या की कलाकार खुणेनं सांगतो, आवाज वाढव. मी वाढवतो. मग टेबलं आणखी जोरात बोलतात आणि मला परत वाढवावा लागतो. कानांचा हिशोब सरळ आहे: 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 ला पंधराच मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि गोंगाटाच्या रात्री छोट्या खोलीत तिथं पोचायला वेळ लागत नाही. माझं मत धागा काढणाऱ्या नदीकाठच्याच्या बाजूनं.

हिंजवडी_ते_घर:
वेळेचं कुणीच बोललं नाही. उघड्या जागेत रात्री दहाला स्पीकर बंद, 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. सवाई एके काळी रात्रभर चालायचा. आता दरबारी, मालकंस असे उत्तररात्रीचे रागही ऐकायचे ते सहसा दहाच्या आत. आम्ही हिंजवडीहून सुटून ट्रॅफिकमधून साडेआठला टेकतो. आठवड्यानं मित्र भेटतात, गाणंही तेवढ्याच वेळात. बोलायचं कधी? मला कुणी टेबलाशी येऊन गप्प केलं तर मी उठून जाईन.

नदीकाठचा:
बेसवाली, पैशाचं पटलं. रॉकलाही सूट. पण बार खोलीच्या मागच्या भिंतीला आणि बसायची जागा पुढं, एवढं केलं तर बिल कमी होत नाही. वेळेचं म्हणाल तर बंद सभागृहातल्या आतल्या आवाजाला त्याच नियमांत सूट आहे. खोली नीट ध्वनिरोधक केली की कार्यक्रम सावकाश सुरू करता येईल, मित्रांशी आधी पोटभर बोलून घ्या. खर्च आहे, मान्य. पण मी तिकिटाला शंभर रुपये जास्त द्यायला तयार आहे. एकट्या बेसच्या त्या चार मिनिटांवर मात्र मी हटणार नाही.

बेसवाली:
शंभर जास्त देणारे किती निघतील ते आधी इथंच हात वर करून सांगा. आकडा बरा निघाला तर मालकाशी मी स्वतः बोलते.