आम्रखंडाचा डबा फुगला, कंपनी महाराष्ट्रातली. खटला कुठे चालतो?

दांडियाबाजारकरीण: अक्षयतृतीयेला व्याही जेवायला होते म्हणून इथे बडोद्यातल्या दुकानातून आम्रखंडाचे दोन डबे आणले. पहिला उघडताच फस्स आवाज आणि आंबूस, दारूसारखा वास! तारीख अजून महिनाभर पुढची. दुसराही फुगलाय, तसाच फ्रीजमध्ये आहे. दुकानदार म्हणतो, 'बेन, माल महाराष्ट्रातनं येतो, त्यांनाच विचारा.' पैसे परत देतोय, पण मला कंपनीला धडा शिकवायचाय. त्यासाठी महाराष्ट्रात जावं लागेल का?

जुना_सॅम्पलवाला: ताई, नोकरीभर मी अन्नाचे नमुने घेण्याचंच काम केलं. विक्री बडोद्यात झाली, त्यामुळे खटला बडोद्यातच. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा सगळ्या देशाला एकच.

पण तुमच्या डब्यावर खटला उभा राहणं कठीण. कलम ४० प्रमाणे गिऱ्हाईक स्वतः तपासणी करून घेऊ शकतं, मात्र तसं विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. कोण सांगतं हो! म्हणून बिल आणि दोन्ही डब्यांचे बॅच नंबरासकट फोटो घेऊन खंडेराव मार्केटात महापालिकेकडे लेखी तक्रार द्या. फूड सेफ्टी ऑफिसरने दुकानातून त्याच बॅचचा नमुना घेतला पाहिजे. त्याचे चार भाग सील होतात, एक अ‍ॅनालिस्टकडे (सरकारी अन्न तपासनीसाकडे) जातो, अहवालाला १४ दिवस. 'असुरक्षित' निघाला तर राज्याच्या अन्न सुरक्षा कमिशनरच्या मंजुरीने कोर्टात खटला. नुसता 'निकृष्ट' निघाला तर फक्त दंड, ५ लाखांपर्यंत. कंपनीने कलम ६६ खाली अन्न सुरक्षेला जबाबदार म्हणून नेमलेला माणूस आरोपी होतो, तो कुठल्या का गावचा असेना.

मांडवीचा_दुकानदार: रागावू नका, पण कंपनी पहिलं बोट आमच्याकडेच दाखवणार. टेम्पो उन्हात दोन तास उभा, हमाल जेवायला गेलेला, हे आम्हीच बघतो. कित्येक दुकानांत रात्री फ्रीजही बंद करतात.

जुना_सॅम्पलवाला: बरोबर. खरी लढाई राज्याच्या हद्दीवरून नसतेच, थंड साखळी, म्हणजे कारखान्यापासून दुकानापर्यंत माल थंड ठेवणं, कुणी तोडली यावरून असते. डब्यावर लिहिलेल्या तापमानात माल ठेवला नाही तर कलम २७ खाली वितरकही अडकतो. ऑफिसरला फ्रीजचं तापमान पंचनाम्यात लिहायला लावा, नाहीतर पुढे जो तो दुसऱ्यावर ढकलतो.

दांडियाबाजारकरीण: बिल सापडलं. दुकानात त्याच बॅचचे डबे अजून दिसतायत. सोमवारी जाऊ का?

जुना_सॅम्पलवाला: सोमवारपर्यंत तो माल परत पाठवतील. आजच जा.