दोरी-बॉलची गाठ सारखी निसटते, पक्की कशी बांधू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या कुत्रीच्या, भुरीच्या, ओढाओढीच्या खेळण्यासाठी मदत हवी आहे. भुरी पाच वर्षांची आहे, वजन २४ किलो, आणि दोरी तोंडात आली की कुणाला हार जात नाही. खेळणं साधंच आहे. आरपार भोक असलेला भरीव रबरी बॉल, त्यातून ओवलेली दोरी, बॉलच्या बाहेर एक गाठ आणि दुसऱ्या टोकाला हातात धरायला फास. मूळची दोरी सहा महिने टिकली. ती झिजली म्हणून मी नवी ओवली आणि तेव्हापासून तीनदा गाठ भोकातून सुटून आली.

पहिल्यांदा साधी निरगाठ मारली होती. ती दोन दिवसांत गेली. मग गाठीवर गाठ मारली. ती आठवडाभर राहिली, पण एका हिसक्यात तिरकी होऊन आत घुसली आणि निघाली. तिसऱ्यांदा दोरीचं टोक लायटरने वितळवून गाठीजवळ गोळा केला. त्या गोळ्याची कड इतकी टणक झाली की भुरीच्या हिरडीवर रक्ताचा ठिपका दिसला. लगेच कापून टाकला.

आता नीट पाहिल्यावर लक्षात आलं की गाठीकडच्या बाजूला भोकाचं तोंड घासून फनेलसारखं पसरलं आहे. तिथे माझी करंगळी पहिल्या पेरापर्यंत आत जाते, दुसऱ्या बाजूने टोकसुद्धा जात नाही. बाकी बॉल अगदी धड आहे, कुठे चीर नाही, तुकडा निघालेला नाही. तिचा या बॉलवर इतका जीव आहे की दुसरा आणला तर हुंगून सोडून देते. म्हणून हाच वाचवायचा आहे.

दोरी ८ मिमीची, पांढरी, गुळगुळीत आणि चकचकीत आहे. नायलॉन की आणखी काही ते माहीत नाही, वेष्टन फेकून दिलं.

गाठ कोणती मारू? दोरी बदलू का? टोकं कशी बंद करू? आणि सगळ्यात जास्त काळजी याची वाटते की काल तिच्या दाढेत दोन धागे अडकलेले सापडले, त्यातला एक वीतभर होता. आधी काही पोटात गेलं असेल का?

प्रतिसाद १

ताई, गाठीचं नंतर बघू, आधी धाग्यांचं. आमच्या कुत्र्याचं याच कारणाने ऑपरेशन झालं आहे, म्हणून जरा कळकळीने लिहिते.

लांब धाग्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि उरलेला धागा आतड्यात पुढे सरकत जातो. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं, पण टोक अडकलेलं असल्याने नाडीवर परकराच्या चुण्या पडाव्यात तसं आतडंच त्या धाग्यावर गोळा होतं. ताणलेला धागा मग आतून कापत जातो. आखूड तुकडा बहुतेक वेळा शीतून पडून जातो, लांब धागा जास्त धोक्याचा. दोरी एक्स-रेमध्ये थेट दिसतही नाही, आतड्याच्या गोळा झालेल्या आकारावरून डॉक्टर अंदाज बांधतात, नाहीतर सोनोग्राफी करतात.

भुरी खाते-पिते का, शी नेहमीसारखी होते का, ते दोन-तीन दिवस बघा. उलट्या, खाण्यावरून मन उडणं, पोट आखडून बसणं, नुसतं पडून राहणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. आणि शीच्या जागी किंवा तोंडात धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. आत ताणलेला असेल तर ओढताना आतडं कापलं जातं. तसाच ठेवून दवाखाना गाठा.

मूळ धागाकर्ती

खूप आभार. सकाळी शी तपासली, त्यात बोटाएवढा एक तुकडा निघाला. जेवण व्यवस्थित चाललं आहे, उलटी नाही. तरी उद्या दाखवून आणते. जुनी दोरी कापून फेकून दिली.

प्रतिसाद २

दाखवून आणताय हे उत्तम. आता बॉलचं.

तुमचं अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे: बॉल उलटा करा. पसरलेलं तोंड हाताच्या बाजूला जाऊ द्या आणि गाठ त्या घट्ट तोंडावर बसवा. एवढ्याने निम्मं काम होईल.

भोक का पसरलं तेही समजून घ्या, नाहीतर ही बाजूही तशीच होईल. बॉल दोरीवर मागेपुढे सरकत असणार. कुत्रं हिसका देतं, बॉल गाठीवर आदळतो, ढील पडते, पुन्हा हिसका. त्या हिसक्या-ढिलीत गुळगुळीत दोरीची गाठ कणाकणाने मोकळी होते आणि रबराची कडही झिजते. म्हणून बॉलच्या दोन्ही अंगांना गाठी हव्यात, अगदी चिकटून. बॉल जागचा हलता कामा नये.

दोरी एकेरी ओवू नका. ६ मिमीची मऊ, विणीची सुती दोरी घ्या आणि मधोमध दुमडा. दुमड हातात धरायची, दोन्ही टोकं बॉलमधून ओवायची आणि पलीकडे दोन्ही मिळून एकच गाठ मारायची; हाताच्या बाजूलाही दोन्ही पदर मिळून तशीच गाठ, बॉलला चिकटून. दोन पदरांची गाठ चांगली गलेलठ्ठ होते, ताण दोन पदरांत वाटला जातो आणि हाताचा फास वेगळा बांधावा लागत नाही.

निरगाठ मारताना टोक फासातून एकदा काढतो, इथे त्याच फासातून आणखी एक वेढा देऊन काढा. मग लगेच खेचू नका. पदर एकमेकांवर चढले असतील तर बोटांनी शेजारी-शेजारी बसवा. गाठ पाण्यात बुडवा, बॉल पायाखाली धरा आणि दोन्ही हातांनी शरीराचा भार टाकून आवळा. सुती दोरी ओली असताना चांगली आवळते आणि वाळल्यावर गाठ दगडासारखी बसते. आवळलेली गाठ भोकाच्या दुपटीहून लहान दिसली तर सोडून आणखी एक वेढा द्या.

टोकं आवळण्याआधी वीतभर ठेवा. आखूड टोक आवळताना गाठीत गडप होतं. गाठ बसली की कापून दोन बोटं ठेवा.

दोन पदर भोकातून जात नसतील तर त्यांची टोकं चिकटपट्टीने गुंडाळून निमुळती करा, भोकात साबणाचं पाणी सोडा, आधी बारीक तार ओवून तिने खेचून घ्या. नंतर साबण नीट धुवा.

प्रतिसाद ३

मी गाठीबाहेर मोठा वॉशर घालतो. गाठ आत जातच नाही.

प्रतिसाद २

दादा, दोरी तुटली की तो वॉशर सरळ कुत्र्याच्या तोंडात मोकळा होतो. धातूचा असेल तर दात गेला, प्लास्टिकचा असेल तर तुकडे पोटात. दोरी आणि बॉल सोडून तिसरी वस्तू त्यात नकोच.

प्रतिसाद ३

हे डोक्यात आलं नव्हतं. आजच काढतो.

प्रतिसाद ४

टोकांबद्दल. नायलॉन, पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा काचेसारखा कडक मणी होतो, तोच हिरडीला लागला. सुती दोरी वितळत नाही, नुसती जळते. म्हणजे लायटरचा इथे उपयोगच नाही. जाड सुती दोरा घ्या, टोकावर दोरीच्या जाडीच्या दीडपट रुंदीत घट्ट वेढे द्या, मग दाभणाने तोच दोरा दोरीच्या आरपार दोन-तीनदा शिवून घ्या. नुसते वेढे दिले तर ते अख्खे निघून येतात, शिवलेले येत नाहीत. तरी हाही धागाच आहे, रोज बघायचा.

जुन्या दोरीचा तुकडा उरला असेल तर पाण्यात टाकून बघा. तरंगली तर बहुधा पॉलीप्रॉपिलीन, बुडाली तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. या दोऱ्या मजबूत असतात, पण गुळगुळीत असल्याने गाठ घसरते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: टेनिस बॉलला भोक पाडून दोरी ओवू नका. त्याच्या लोकरीत माती बसली की ती दातांवर घासपेपरसारखी चालते आणि मोठं कुत्रं तो सहज फोडतं. आणि कुठलाही पोकळ बॉल घ्याल तर भोक आरपारच हवं. एकाच भोकाच्या बॉलमध्ये हवा ओढली जाऊन जीभ आत अडकल्याचे प्रकार झाले आहेत.

मूळ धागाकर्ती (नऊ दिवसांनी)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. डॉक्टरांनी पोट दाबून तपासलं, भुरी ठीक आहे. दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तेही पार पडले.

बॉल उलटा करून दुहेरी सुती दोरी ओवली. पहिल्या प्रयत्नात पदर एकमेकांवर चढले आणि गाठ वेडीवाकडी बसली, ती सोडवायला अर्धा तास गेला. दुसऱ्यांदा सावकाश बसवली. हाताच्या बाजूची गाठ बॉलला टेकवणं सगळ्यात अवघड गेलं, आवळताना ती दरवेळी बोटभर मागे सरके. शेवटी सैल गाठीत जाड विणकामाची सुई घातली, सुईने गाठ बॉलवर दाबून धरली आणि तशीच आवळत शेवटी सुई काढून घेतली. तेव्हा कुठे बसली.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं खेळतो. गाठ जागची हललेली नाही, भोकाची कडही तशीच आहे. परवा फासाजवळ एक पदर पिंजलेला दिसला, म्हणजे भुरी बॉल सोडून दोरी चावते तिथे. आता बॉल तोंडात असेल तरच ओढते, दोरी धरली की हात सोडून उभी राहते. दोन दिवसांत तिला कळलं. खेळ संपला की खेळणं उंच फळीवर.

एकच राहिलं: सुती दोरी लाळेने भिजते आणि दुसऱ्या दिवशीही ओलसर असते, वास येतो.

प्रतिसाद २

गरम पाण्यात धुऊन पिळा आणि फास वर, बॉल खाली असं उन्हात टांगा. गाठीच्या आतला भाग सगळ्यात शेवटी वाळतो, तो दाबून बघा. आणि पिंजलेला पदर निम्म्याहून बारीक झाला की तेवढीच दोरी बदला, बॉल तोच ठेवा.