अवकाशप्रवासाच्या विज्ञानकथेत काल्पनिक इंजिन चालते का?

मृगशीर्ष:
नमस्कार. दिवाळी अंकासाठी मी एक विज्ञानकथा लिहीत आहे. तिच्यातील यान प्रॉक्सिमा सेंटॉरी या ४.२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याकडे निघते. व्हॉयेजर-१ या अवकाशयानाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर, तिकडे जायचे तर सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. नायिकेच्या हयातीत प्रवास उरकायचा असेल, तर आज अस्तित्वात नसलेले इंजिन घेणे भाग आहे. भौतिकशास्त्र शिकवणारे माझे एक स्नेही म्हणतात की असे इंजिन आले की ती विज्ञानकथा राहत नाही, परीकथा होते. जाणकारांना हे पटते का?

रिकामटेकडा:
मला पटत नाही. हा वाद फार जुना आहे. ज्यूल व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत फ्लोरिडातून तोफेच्या गोळ्यात बसवून माणसे चंद्राकडे पाठवली, तर एच. जी. वेल्सने १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा ‘कॅव्होराइट’ नावाचा पदार्थ कल्पिला. आपण भौतिकशास्त्र वापरतो आणि वेल्स मनाला येईल ते रचतो, अशी व्हर्नची तक्रार होती. प्रत्यक्षात व्हर्नची तोफ ९०० फुटांची. तेवढ्या अंतरात सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा तर प्रवाशांवर गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून अधिक त्वरण येईल आणि त्यांचा चेंदामेंदा होईल. पण तोफेचे मी एक वेळ सोडून देईन. मला खटकतो तो पुढच्या भागातला कुत्रा. उड्डाणाच्या धक्क्याने जखमी झालेला हा कुत्रा मरतो, प्रवासी त्याचे शव खिडकीतून बाहेर टाकतात आणि नंतर पाहतात तो ते गोळ्याच्या बरोबरीने चाललेले असते. हे अगदी बरोबर आहे. मात्र आतली माणसे त्याच वेळी जमिनीवर पाय टेकून वावरत असतात आणि पृथ्वी व चंद्र यांची ओढ समसमान होते तेथे पोहोचल्यावरच तरंगू लागतात. बाहेरच्या कुत्र्याला लागू झालेला नियम आतल्या माणसांना का लागू नाही? काल्पनिक यंत्रापेक्षा ही विसंगती मला अधिक गंभीर वाटते.

वेल्सने तसे केले नाही. कॅव्होराइटचा पत्रा तयार होताच त्याच्यावरची हवा वजनहीन होते, भोवतालची हवा आत घुसून कारंज्यासारखी वर उसळते, घरांची पडझड होते. आणि तो पत्रा स्वतःच उडून गेला नसता तर पृथ्वीचे वातावरणच निघून गेले असते, असा हिशेबही कथेतला शास्त्रज्ञ मांडतो. वेल्सच्या गोलाकार यानात माणसे तरंगतातही.

कालमापक:
व्हर्नवर जरा अन्याय होतो आहे. कॅव्होराइट चाकाच्या अर्ध्या भागाखाली सरकवले की ते चाक फुकटात फिरत राहील, म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेलाच सुरुंग; त्याचे परिणाम कितीही नेटाने रेखाटले तरी मूळ अडचण सुटत नाही. याउलट व्हर्नची तोफ आकडेमोड करून खोडता येते आणि तशी ती खोडलीही गेली. त्सिओल्कोव्स्की आणि ओबेर्थ हे अग्निबाणशास्त्राचे दोघेही आद्य प्रवर्तक व्हर्न वाचूनच या विषयाकडे वळले, आणि तोफेने जमत नाही म्हटल्यावर अग्निबाणाकडे आले. चुकीचा, पण तपासता येणारा आकडा असा उपयोगी पडतो.

ध्रुवमत्स्य:
मूळ प्रश्नाकडे वळतो. इंजिनाला इंधन कोठून मिळते, हे वाचक एकदा माफ करील. त्यापुढचा हिशेब मात्र चोख हवा. समजा, यान अर्ध्या वाटेपर्यंत पृथ्वीवरील गुरुत्वाइतक्याच त्वरणाने वेग वाढवते आणि उरलेल्या वाटेत तितक्याच दराने तो कमी करते. मग नायिकेच्या घड्याळात सुमारे साडेतीन वर्षे जातील आणि पृथ्वीवर जवळजवळ सहा. पोहोचताच तिने पाठवलेला निरोप आणखी ४.२४ वर्षे वाटेत असेल, म्हणून ती निघाल्यापासून दहा वर्षांनी तो घरच्यांना मिळेल. मधल्या काळात तिच्याशी संवाद घडवायचा मोह टाळावा.

इंजिन चालू असेपर्यंत यानात सगळे घरच्यासारखेच चालेल, आमटी वाटीतच राहील. अर्ध्या वाटेत मात्र इंजिन बंद करून यान उलटे फिरवावे लागेल आणि तेवढा वेळ न बांधलेली प्रत्येक वस्तू तरंगू लागेल. हा प्रसंग सविस्तर लिहा आणि आपल्या स्नेह्यांना आधी तोच वाचायला द्या.