मुलीला ४९ किलोत उतरवायचं की ५३ मध्ये खेळवायचं? (फ्रीस्टाईल कुस्ती)

साखळीची_आई
नमस्कार. आमचा गोव्यात साखळीला छोटा पसरो (दुकान) आहे. मुलगी सोळाची. आधी ज्युदो खेळायची, दोन वर्षांपासून मॅटवरची कुस्ती. वजन ५२, चवथीला नेवऱ्या खाऊन ५३. तिचे सर म्हणतात ४९ मध्ये उतरव. मागच्या स्पर्धेआधी पोरीने दोन दिवस शीत (भात) सोडलं, नुसती पेजेची निवळ प्यायली, जाड जाकीट घालून मैदानाला फेऱ्या मारल्या. वजन झालं, पण पहिलीच कुस्ती दुसऱ्या मिनिटाला हरली. रात्री म्हणते, "आई, पाय माझे नव्हतेच."

मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, आणि हिच्या बाबांना फुटबॉलपलीकडे खेळ असतो हेच मान्य नाही. पण २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटचं पाहिलंय. १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद! तेवढं जिरं मी तराजूशिवाय पुडीत बांधून देते. मोठ्या स्पर्धांत खेळायचं तर असंच करावं लागतं का? आणि विनेश आधी ५३ मध्ये खेळायची ना? मग ५० चा हट्ट कशाला?

चोर्ल्यापलीकडचा
ताई, मी बेळगावचा, नोकरीमुळे फोंड्यात. कुस्ती सुटली, मोडलेले कान तेवढे राहिले.

विनेशचा तो हट्ट नव्हता. जागतिक स्पर्धेत बायकांचे दहा वजनगट असतात, ऑलिंपिकला सहाच: ५०, ५३, ५७, ६२, ६८, ७६. एका गटात एका देशाची एकच. विनेशची जागतिक ब्राँझ, २०१९ आणि २०२२ ची, दोन्ही ५३ मधलीच. पण पॅरिससाठी ५३ ची जागा २०२३ लाच अंतिम पंघाल नावाच्या आपल्याच दुसऱ्या मुलीने मिळवून ठेवली होती. म्हणून विनेश खाली गेली.

पहिल्या सकाळी ती वजनात बसली. मग एका दिवसात तीन कुस्त्या. पहिलीच जपानच्या युई सुसाकीशी, जी तोवर परदेशी मुलीकडून एकदाही हरली नव्हती. शेवटच्या काही सेकंदांत ३-२! मी ऑफिसात खुर्चीवरून उठलो होतो. पण दिवसभर लढायचं म्हणजे खाणंपिणं आलं, आणि अंगातून पिळून काढलेलं पाणी परत भरतं. फायनलवाल्यांचं दुसऱ्या सकाळीही वजन होतं, तिथे सूट नाही. रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी १०० ग्रॅम राहिलेच. रौप्यही नाही, यादीत नाव शेवटी.

ती तेव्हा २९ वर्षांची, सोबत डॉक्टर आणि आहारवाले. तुमची सोळाची, अजून वाढतेय. १७ वर्षांखालच्या मुलींत ४९ नंतर थेट ५३ आहे. ५२ ची पोर ५३ मध्ये पोटभर जेवून खेळेल. माझ्या वस्तादांनी या वयात कुणाला उपाशी ठेवलं असतं, तर त्याच्या आईने तालमीत येऊन वस्तादांनाच चीत केलं असतं.

म्हापशाची_ज्युदोवाली
दादांचं वजनाचं पटलं. पण ताई, "पाय माझे नव्हतेच" हे वाचून मला दुसरीच शंका आली. ज्युदोत पायाला हात लावायची बंदी आहे, त्यामुळे आम्ही ताठ उभ्या राहतो. फ्रीस्टाईलमध्ये समोरची पहिल्यांदा पायच शोधते. ती हरली ती कुस्ती पटावर (पाय धरून पाडण्याच्या डावावर) गेली का, विचारा तिला. तसं असेल तर ४९ काय नि ५३ काय, पुढचा पाय पुन्हा उचलला जाणार. माझंही पहिलं वर्ष तसंच गेलं. कंबर खाली ठेवून सरकायला शिकताना मांड्या भरून यायच्या.

आणि एका हरण्याने खचू देऊ नका. साक्षी मलिक रिओला २०१६ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरलीच होती. पण तिला हरवणारी रशियाची मुलगी फायनलला गेली, म्हणून रेपेचाजमधून साक्षीला पुन्हा बोलावणं आलं. ब्राँझच्या कुस्तीतही ०-५ मागे होती, ती ८-५ ने काढली.

हो, अजून एक. पाळी वेळेवर येतेय ना? हे सर नाही विचारणार, तुम्हीच विचारा.

साखळीची_आई
विचारलं. दोन महिने आली नाहीये, आणि मला पत्ताच नव्हता. उद्या डॉक्टरकडे नेते. कुस्ती पटावरच गेली होती, दोन्ही वेळा उजवा पाय.

काल सरांनाही गाठलं. पोर ५२ ची असताना ४९ का, म्हणून. जरा घुटमळले. मग म्हणाले, ५३ मध्ये आपल्याकडे आधीच एक मुलगी आहे, तिच्यापेक्षा दोन वर्षं जुनी.

चोर्ल्यापलीकडचा
मग सरळ दोघींची निवड-कुस्ती लावायला सांगा. आधी डॉक्टर, अंगात बळ येऊ दे, मग. तोवर उजवा पाय मागे ठेवायला शिकवा.

साखळीची_आई
तिला वाचून दाखवलं. म्हणते, "लाव म्हणावं." आणि ताटात आणखी शीत वाढून घेतलं.