अंडरटेकर नक्की किती वेळा मेला? डब्ल्यूडब्ल्यूएफच्या अफवा, बातम्या आणि आठवणी (अनुभव धागा)

बार्शी_लाइट
२४ जुलै २०२५ ला रात्री शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर बातमी पडली. डब्ल्यूडब्ल्यूएफ (टीव्हीवरच्या त्या अमेरिकन कुस्त्यांची कंपनी), तिथला जुना पैलवान हल्क होगन गेला. ७१ वर्षांचा होता. खाली पहिला रिप्लाय काय, तर "नक्की ना? की दुबईने सांगितलंय?" आणि मयताच्या बातमीवर आम्ही पंचेचाळिशीचे बाप्ये खदाखदा हसत बसलो. बायको विचारतेय, काय झालं? काय सांगणार.

तर दुबई म्हणजे आमच्या वर्गातला एक मुलगा. मामा दुबईला, म्हणून नाव दुबई. आमच्या केबलवाल्याकडे कुस्त्या यायच्या त्या शिळ्या, कॅसेट लावून. त्यामुळे "पुढे काय झालं" हे फक्त दुबईच्या मामाला ठाऊक. १९९४ साली सातवीत होतो. जानेवारीतल्या रॉयल रंबल नावाच्या मोठ्या शोला योकोझुना या पैलवानाने आणखी दहाएक जण गोळा करून अंडरटेकरला (मेलेल्या माणसाच्या सोंगातला पैलवान) शवपेटीत कोंबलं, झाकण लावलं, आणि मग पडद्यावर त्याचा आत्मा वर जाताना दाखवला. दुबईने मधल्या सुट्टीत जाहीर केलं, "मामाचा फोन आला होता. खरंच गेला. पुरलासुद्धा."

सायकल स्टँडमागे आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. माना खाली. पी.टी.चे सर आले.
"कोण गेलं रे?"
"अंडरटेकर, सर."
"कुठल्या गल्लीतला?"
कोणाला काही बोलताच येईना. सरांनी टोपी काढली आणि तेही थांबले आमच्याबरोबर.

पुढचं भांडण ट्रंप कार्डांचं, म्हणजे पैलवानांचे फोटो आणि मापं छापलेल्या खेळायच्या पत्त्यांचं. ज्याच्याकडे अंडरटेकरचं कार्ड, त्याला बाकीचे म्हणायचे, मेलेल्या माणसाचं कार्ड बाद. तो रडकुंडीला आला, कारण त्याच्याकडे तेवढं एकच चांगलं होतं. बाकी सगळा भुसा.

तुमच्या गावात काय काय पसरलं होतं? लिहा. लॉजिक विचारलं जाणार नाही.

चुलीवरची_पोळी
अंडरटेकरला सात जन्म!! आमच्याकडे तर त्याचा मॅनेजर पॉल बेअरर, त्याच्या हातातल्या त्या कलशात अंडरटेकरचा जीव असतो हे पक्कं होतं. राक्षसाचा पोपटात असतो तसा. भावाने आजीचा गंगेचा गडू पळवला होता त्यासाठी. पुढचं लिहीत नाही, कुकर झालाय.

मोकळा_आखाडा
आमचे आजोबा जुने पैलवान, कोल्हापूरच्या खासबागेत लढलेले. टीव्हीवर हे लागलं की पहिल्यांदा उठून जायचे. "पाठ लागली तरी उठून परत मारामारी? मग चितपट कशाला म्हणायचं रं?" नुरा कुस्ती त्यांना काही नवी नव्हती. जत्रेत इनाम वाटून घ्यायचं आणि कुस्ती बरोबरीत सोडवायची, असले उद्योग त्यांनी बघितलेले. त्यामुळे हे ठरवून चालतंय हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि आमच्या जिवाला घोर लावला.

पण हळूहळू बसायला लागले. त्यांचा माणूस ब्रेट हार्ट. नाव कधी आलं नाही, "गुलाबी चड्डीवाला". म्हणायचे, ह्यो तालमीतला गडी दिसतोय, पकड बघ. आणि खरंच होतं ते. त्याचे वडील स्टू हार्ट कॅनडात कॅलगरीला घराच्या तळघरात पोरांना कुस्ती शिकवायचे. हे आजोबांना नंतर सांगितलं तर म्हणाले, "मग तालीमच की ती."

आता खरी गोष्ट. नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. ब्रेट हार्ट विरुद्ध शॉन मायकल्स. आमच्याकडे नंतर दिसली. मायकल्सने ब्रेटचाच शार्पशूटर (पाय मुडपून धरायचा त्याचा खास डाव) ब्रेटला लावला, ब्रेटने हार मानलेली नाही, तरी घंटा वाजली. आजोबा खाटेवरून उठून बसले. "पंच फोडला!" आम्ही हसायला लागलो. म्हटलं, आजोबा, तुम्हीच म्हणता ना सगळं ठरलेलं असतंय? तर म्हणाले, "हे त्याला ठावं न्हवतं. त्याचं तोंड बघ."

ब्रेट दुसऱ्या कंपनीत निघाला होता आणि आपल्या कॅनडात मायकल्सकडून हरायला तयार नव्हता, म्हणून मालक विन्स मॅकमॅहनने पंचाला आधीच हाताशी धरलं होतं, हे सगळं मी कॉलेजात इंटरनेटवर वाचलं. ब्रेट रिंगमधून मालकाच्या तोंडावर थुंकला ते खरंखुरं होतं. आजोबा तोवर गेले होते.

बार्शी_लाइट
आजोबांना दंडवत _/\_

मुद्देसूद
धागाकर्त्यांच्या माहितीसाठी. १९९४ मध्ये अंडरटेकरला पाठीच्या दुखापतीमुळे सुट्टी हवी होती, म्हणून ती शवपेटी. ऑगस्टमध्ये शिकागोच्या समरस्लॅमला दोन अंडरटेकर समोरासमोर आणले, एक खरा, एक तोतया. तोतयाचं नाव ब्रायन ली. आणि १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी' सिनेमामध्ये अक्षय कुमारने ज्याला उचलला तो अंडरटेकर म्हणजेसुद्धा हाच ब्रायन ली.

पुणेरी_पगडी_हरवली
काय???
म्हणजे तो खरा नव्हता?
मी सुट्टीत अख्ख्या वाड्याला सांगत फिरलोय की अक्षयने अंडरटेकरला उचलला. एका मुलाशी पैज लावून त्याची बॅट घेतली होती. आता परत करायची का?

मुद्देसूद
बॅट परत करा.

नाशिकची_द्राक्षं
आमच्याकडे अफवा नाही, अपघात. मे महिना, मामाकडे सगळी भावंडं, लग्नाच्या गाद्या माळ्यावरून खाली काढलेल्या. सात गाद्या एकावर एक. थोरला म्हणाला मी डीझेल, धाकटा लगेच रेझर रेमन (दोघेही टीव्हीवरचे पैलवान). मला काय केलं? पंच. (मुलगी ना!) डीझेलने रेझरला खांद्यावर घेऊन पाठीवर आपटलं, म्हणजे पॉवरबॉम्ब दिला, गाद्या सरकल्या, रेझर कोबा केलेल्या जमिनीवर. कॉलरबोन. आणि मी शहाणी, तो कळवळतोय तरी जमिनीवर हात आपटून वन, टू, थ्री मोजले.

मामींनी डॉक्टरांना सांगितलं जिन्यावरून पडला. डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात जिन्यावरून पडलेला हा तिसरा. मामाने तारच कापली केबलची. शब्दशः, कात्रीने. दुसऱ्या दिवशी सचिनची मॅच होती हे त्याच्या लक्षात नव्हतं.

धाकटा आता ऑर्थोपेडिक आहे. योगायोग, दुसरं काय.

चुलीवरची_पोळी
@द्राक्षं तीन मोजल्याबद्दल हसून हसून वाट लागली ताई. आले परत. गडूचं राहिलं: भावाने त्यात ओला कापूस पेटवून धूर काढायचा प्रयत्न केला. तळ काळा. आजीने आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला होता.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अकोल्यात अंडरटेकरच्या मांगं कोनी नव्हतं, आपला भारतातला पैलवान खली आला तवा खरी मजा. २००६ च्या एप्रिलमंदी त्यानं येताबरोबर अंडरटेकरलेच झोपवलं. मंग एकेक सुरू. कोनी म्हने तो रोज बकरा खाते, कोनी म्हने त्याची खाट लोखंडाची हाय. आमचा एक दोस्त म्हने मह्या काकानं त्याले पंजाब पोलिसात पाह्यलं. आमी म्हटलं फेकू नको बे. अन् तेवढंच एक खरं निंघालं ना बाप्पा! हिमाचलचा गडी, पंजाब पोलिसात नोकरीले होता.

२००७ च्या जुलैत तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तवा चौकात पेढे वाटले. पेढ्याचे पैसे मह्याकडून घेतले, अजून वापस नाही.

म्हापशेकर
म्हापशात लाइट जायची. नेमकी कुस्ती रंगात आली की जायची. शेवट कळायचाच नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शाळेत प्रत्येकाचा शेवट वेगळा. आमच्याकडच्या अर्ध्या अफवा वीज खात्याने जन्माला घातल्या.
बाकी मी फुटबॉलवाला, पण ट्रंप कार्डं होती माझ्याकडे. त्यात छातीचं माप असायचं बघा. आम्ही शिंप्याकडे जाऊन टेपने आपापली मोजून घेतली होती. माझी २४ भरली.

पुणेरी_पगडी_हरवली
२४ म्हणजे श्वास घेऊन की सोडून?

म्हापशेकर
घेऊन 😐

रात्रपाळी
थोडं वेगळं लिहितो. जून २००७. मी कॉल सेंटरला. ११ तारखेच्या शोमध्ये विन्स मॅकमॅहन लिमोझिनमध्ये बसला आणि गाडीचा स्फोट झाला. कथानकच ते, पण आमच्या फ्लोअरवर दोन आठवडे चर्चा, मेला की नाही, कोणी मारला. मग २५ जूनला तोच मॅकमॅहन रिकाम्या स्टेडियममध्ये रिंगमध्ये उभा. म्हणाला, माझं मरण ही गोष्ट होती, आमचा पैलवान क्रिस बेन्वा मात्र खरंच गेलाय. बायको आणि मुलासकट. तो सगळा शो श्रद्धांजलीचा. दुसऱ्या दिवशी पोलिसांकडून कळलं की त्यानेच बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारून स्वतःला संपवलं होतं. त्या दिवसापासून कंपनीने त्याचं नाव घेणं बंद केलं.

आधी वाटलं हीसुद्धा स्टोरी. मग वाटलं असती तर बरं. त्याच्या मेंदूची नंतर तपासणी झाली, डोक्याला वर्षानुवर्षं मार बसून फार खराब झाला होता म्हणे डॉक्टर. मी त्याच्या डायव्हिंग हेडबटवर (वरून उडी मारून डोकं आपटायचा डाव) शिट्ट्या मारलेल्या आहेत. त्यानंतर बघणं सुटलं.

कळंबोली_कट्टा
@रात्रपाळी ओवेन हार्ट या पैलवानाच्या वेळीही असंच झालं होतं. मे १९९९, कॅन्सस सिटी. छतावरून दोरीने खाली येताना पडला आणि गेला. शो थांबवला नाही त्यांनी. माझा भाऊ म्हणाला, बघ, पुढच्या महिन्यात येईल परत, अंडरटेकर आला की नाही? आम्ही वाट बघत होतो.

मोकळा_आखाडा
ओवेन म्हणजे ब्रेटचा धाकटा भाऊ. तळघरातल्याच तालमीतला.

गिरणगावकर
तरुणांनो, तुमच्या आधीपासून चाललंय हे. माझे वडील गिरणीत. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्रीस्टाइल कुस्त्या व्हायच्या, दारासिंग, किंगकाँग. पगाराच्या दिवशी मंडळी तिकडे, आणि खात्यात आठवडाभर वाद, खरी की खोटी. १९६८ मध्ये मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, तेव्हा "खोटी" म्हणणाऱ्या एका जॉबरशी (गिरणीतला मुकादम) वडील बोलायचे बंद झाले. रिटायर होईपर्यंत. आमच्या घरी सत्यनारायणाला त्या जॉबरची बायको यायची, तो नाही.

एडिसनचा_वडापाव
एप्रिल २०१३, न्यू जर्सीचं मेटलाइफ स्टेडियम, रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो. मुलाला नेलं म्हणायचं, गेलो स्वतःसाठी. ऐंशी हजारांच्या आसपास लोक, हातपाय गारठलेले. सगळे दिवे गेले आणि टण्ण करून अंडरटेकरची ती घंटा. मी चाळीस वर्षांचा माणूस, सांगलीतल्या आमच्या घरातली ती शटरवाली टीव्ही पेटीच डोळ्यांसमोर आली. धुरातून इतका हळू चालत आला की मुलगा म्हणाला, "बाबा, त्याचे गुडघे दुखतायत का?" दुखत असणारच. सीएम पंकला हरवून त्या वर्षी २१-० केलं त्याने, म्हणजे रेसलमेनियात एकवीस कुस्त्या जिंकल्या, हरला एकही नाही. पुढच्या वर्षी ब्रॉक लेसनरने त्याला हरवून ते संपवलं. तेव्हा मी ऑफिसला सुट्टी टाकली. कारण लिहिलं, घरगुती.

दोन_पोरांची_आई
आमचा तेरा वर्षांचा आता नेटफ्लिक्सवर बघतो. त्याच्या अफवा कसल्या, तर कोणाचा करार कधी संपतो, कोण पगारावर नाराज आहे. २०२५ च्या मार्चमध्ये त्याचा लाडका पैलवान जॉन सीना व्हिलन झाला तेव्हा हा धाय मोकलून रडेल म्हणून मी शिरा केला. हा म्हणतो, "आई, निवृत्तीच्या वर्षी असं केलं की तिकिटं खपतात." शिरा मीच खाल्ला.

मुद्देसूद
ताई, बरोबर आहे त्याचं. १९८९ मध्ये याच कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हा खेळ नसून करमणूक आहे असं सांगितलं होतं, राज्याच्या क्रीडा मंडळाचे नियम आणि कर टाळायला. म्हणजे आपण इथे भांडत होतो तेव्हा तिकडे कागदावर आलेलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा
हे आंधी सांगाले काय झालं होतं बे. मह्या तोंडातला एक दात तरी वाचला असता.

चुलीवरची_पोळी
कोणाला तो केन आठवतो? अंडरटेकरचा जळालेला भाऊ? मला त्याची फार दया यायची. देवापुढे त्याच्यासाठी उदबत्ती लावलीये मी.

एडिसनचा_वडापाव
भाऊबिऊ काही नाही. अमेरिकेत टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा मेयर झाला तो, २०१८ मध्ये. रस्ते, बजेट, शाळा बघायला लागला.

चुलीवरची_पोळी
उदबत्ती फळली म्हणायची.

बार्शी_लाइट
धागा दुबईला पाठवला होता. आत्ता फोन आला. म्हणतो, एक सांगायचं राहिलंय, मामा दुबईला नव्हते, डोंबिवलीला होते. त्यांच्या खाली व्हिडिओ लायब्ररी होती. मग दुबई का सांगितलंस? तर म्हणे, मी डोंबिवलीच सांगितलं होतं, तुम्हीच ऐकलं नाही नीट.
एकतीस वर्षं!!

म्हापशेकर
विषय सोडून विचारतो. ती ट्रंप कार्डं कोणाकडे पूर्ण संच आहेत का? माझ्याकडे एक कमी आहे. कोणतं ते सांगायला नको.