पाऊचच्या ऑपरेशनआधी पी-एन्का करायची की नाही?

धंतोलीकर
अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याची जुनाट सूज) मोठं आतडं काढून लहान आतड्याच्या टोकाची थैली, म्हणजे जे-पाऊच, केला की पुढची खरी डोकेदुखी पाऊचायटिसची, म्हणजे ती थैली सुजण्याची. माझ्या मते ऑपरेशनआधी पी-एन्का (स्वतःच्याच पांढऱ्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) एकदा करूनच घ्यावी. लॉस एंजेलिसच्या ९५ रुग्णांच्या अभ्यासात (२००१) १०० युनिटच्या वर पातळी असलेल्यांत जुनाट पाऊचायटिसचा धोका ५६ टक्के निघाला, मध्यम पातळीत २२, निगेटिव्ह असलेल्यांत २०. एवढी तफावत दाखवणारी दुसरी रक्ततपासणी सांगा.

सुरी-कात्री
आकडे मान्य. पण करणार काय त्यांचं? तिशीतल्या मुलीला "तुझी एन्का जास्त, आता जन्मभर पोटावर मलाची पिशवी ठेव" असं सांगणार आहात का? निर्णयच बदलत नाही तर तपासणी कशाला करून राहिले, भाऊ? तुमच्याच आकड्यांत २२ आणि २० मध्ये फरक काय आहे? म्हणजे नुसतं "पॉझिटिव्ह" रद्दीत. त्यापेक्षा रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत-पित्ताचं एन्झाइम) बघा. वाढलेलं असेल तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करून पीएससी (पित्तनलिका सुजून अरुंद होण्याचा आजार) शोधा, त्यानेही पाऊचायटिसचा धोका वाढतो आणि तो सापडला तर यकृताचंही काम होतं.

काचपट्टी
दोघंही रिपोर्ट कसा निघतो ते विसरताय. फॉर्मवर नुसतं "एन्का" लिहिलं तर एमपीओ आणि पीआर३ या दोन प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी मोजणारी एलायझा होऊन येऊ शकते. ती व्हॅस्क्युलायटिससाठी (रक्तवाहिन्यांची सूज). कोलायटिसची पी-एन्का बहुधा एमपीओ-निगेटिव्ह असते, त्यामुळे "एन्का निगेटिव्ह" वाचून निश्चिंत होऊ नका. इम्युनोफ्लुओरेसन्स (पांढऱ्या पेशींच्या स्लाइडवर अँटिबॉडी चमकवून बघणं) मागा. इथेनॉलने पक्क्या केलेल्या स्लाइडवर पेशीच्या केंद्रकाच्या कडेने हिरवी किनार दिसते. फॉर्मलिनच्या स्लाइडवर एमपीओवाली चमक पेशीद्रवात पसरते, कोलायटिसवाली मात्र सहसा विझते. एएनए (केंद्रकाविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असेल तर इथेनॉलवर तसाच भास होतो, म्हणून एएनए ओळखायची हेप-२ स्लाइड सोबत हवीच.

आणि ते १०० युनिट त्या प्रयोगशाळेच्या स्वतःच्या एलायझाचे. इथल्या १:८० टायटरशी (रक्त किती पातळ करूनही चमक दिसते ते माप) त्यांची सांगड घालू नका.

धंतोलीकर
सांगड चुकीची, कबूल. तरी उपयोग उरतोच. पातळी खूप जास्त असलेल्या रुग्णाला वारंवार जुलाब झाले तर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन आठवडे, असे आंधळे कोर्स तीनदा न देता लवकर पाऊचोस्कोपी (दुर्बिणीने पाऊच बघणं) करता येते.

सुरी-कात्री
ती तर सगळ्यांचीच लवकर करावी! जुलाब म्हणजे पाऊचायटिसच असं नाही. गुदाशयाचा उरलेला पट्टा सुजला असेल (त्याला मेसालामिनची सपोसिटरी लागते), जोडावर अरुंदपणा आला असेल, क्लॉस्ट्रिडिओइड्स जंतूचा संसर्ग असेल. बायोप्सी पाऊचमधून घ्या, वरून पाऊचमध्ये येणाऱ्या आतड्यातूनही घ्या. स्टेपलच्या रेषेवरून घेऊ नका, तिथे सूज असतेच. लक्षणं, दुर्बिणीतलं दृश्य, बायोप्सी, प्रत्येकी ६ गुण. १८ पैकी ७ झाले की पाऊचायटिस म्हणा. या हिशोबात एन्का कुठेच नाही.

इतवारी_२२
आणि अॅस्का ही दुसरी अँटिबॉडी? ती पॉझिटिव्ह असली तर क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) समजून पाऊच टाळायचा का?

काचपट्टी
मुळात अॅस्का ऑटोअँटिबॉडी (स्वतःच्याच शरीराविरुद्धची) नाही, ती यीस्टविरुद्धची. आणि आपल्याकडे आतड्याच्या टीबीतही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे टीबी की क्रोन्स हे तिच्यावरून ठरत नाही. स्वादुपिंडाच्या जीपी२ या प्रथिनाविरुद्धची मात्र खरी ऑटोअँटिबॉडी, क्रोन्सकडे झुकणारी. पण एकट्या तिच्यावरही कुणाचा पाऊच नाकारू नये.

सुरी-कात्री
अँटिबॉडीच्या आधी पिशवीचं बघा. पाऊच भरून येईपर्यंत तात्पुरती इलिओस्टोमी (लहान आतड्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, पोटावर काढून पिशवी लावणं) साधारण दोन-तीन महिने असते आणि ते महिने एप्रिल-मे आले तर नागपूरच्या उन्हात दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी वाहून किडनी सुकते. नुसतं पाणी नको, ओआरएस द्या. संत्र्याची साल-धागे अडकून स्टोमा तुंबतो, रस गाळून प्या.

धंतोलीकर
संत्र्यावर वाद नाही. एन्कावर आहे.