अ‍ॅम्प आणि स्पीकर: तुमची जोडी कशी जमली?

‘नुसते वॅट बघू नका’ असं सगळेच म्हणतात, मग बघायचं काय? जमलेल्या आणि बिनसलेल्या, दोन्ही जोड्यांबद्दल लिहा. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो), इम्पीडन्स (स्पीकर करंटला किती अडवतो) ठाऊक असेल तर तेही द्या.

माझ्यापासून सुरुवात. स्पीकर एलएस३/५ए, बीबीसीचं डिझाइन. सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३ डेसिबल, म्हणून लोक बिचकतात. पण जुन्या आवृत्तीचा इम्पीडन्स १५ ओहम, त्यामुळे करंट फारसा ओढत नाहीत. ३० वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प लहान खोलीत मजेत वाजवतो. पार्टीला मात्र हे स्पीकर काढूच नयेत.

तळघर
माझं उलटं. फ्लोअरस्टँडरवर (जमिनीवर उभे राहणारे स्पीकर) ८९ डेसिबल छापलंय, पण २.८३ व्होल्टला. ८ ओहमला तो १ वॅट, ४ ओहमला २. म्हणजे माझ्या ४ ओहमच्या स्पीकरला १ वॅटमागे ८६च. त्यात खालच्या बासला इम्पीडन्स ३ ओहमपर्यंत उतरतो. एव्ही रिसीव्हरवर (होम थिएटरचा अ‍ॅम्प) हळू आवाजात सगळं छान, पण ऑर्केस्ट्रा चढला की ‘टक्’, प्रोटेक्शन रिले (भार फार झाला की आवाज तोडणारा स्विच) सुटला, सगळं गप्प. आता रिसीव्हरच्या प्रीआउटला (दुसऱ्या अ‍ॅम्पसाठी सिग्नल देणारं आउटपुट) ८ ओहमच्या मानाने ४ ओहमला जवळपास दुप्पट वॅट देणारा पॉवर अ‍ॅम्प जोडलाय. ते टक् गेलं.

भोंगेवाली
१०४ डेसिबलचे हॉर्न (भोंग्याचे स्पीकर), ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल एंडेड अ‍ॅम्प (दर चॅनलला एकच व्हॉल्व्ह स्पीकर चालवतो), ८ वॅट. त्यातला एक वॅटही धड खर्च होत नाही! डोकेदुखी वेगळीच: गाणं थांबलं की ‘सूंऽऽ’ आणि खाली गुरगुर. फिलॅमेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) एसीवरून डीसीवर नेल्यावर गुरगुर गेली. सूं प्रीअ‍ॅम्पची (मुख्य अ‍ॅम्पच्या आधीचा टप्पा) होती, तो मधून काढला.

रात्रपाळी
व्हॉल्व्हवाल्यांनो, ८ ओहमच्या स्पीकरला अ‍ॅम्पचा ४ ओहमचा टॅप (मागची जोडणी) लावून बघा. माझा बास आवळला. वॅट घटतात, घटू देत.

सोल्डर
स्पीकरच्या टर्मिनलवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून बघितलंय का कुणी? माझ्या नेहमीच्या आवाजाला सरासरी २ व्होल्ट, ८ ओहमवर अर्धा वॅट. पण ड्रमचा ठोका पडला की २० व्होल्टपर्यंत उडी, म्हणजे त्या क्षणाला ५० वॅट. तळघर, तुमच्या ३ ओहमला याच २० व्होल्टला साडेसहा अँपिअरच्या वर लागतील. रिले उगाच नव्हता सुटत.